अभिप्रेत आणि अभिप्राय : एका पहिल्या खेळाच्या निमित्ताने

१

'अभिप्राय' हा शब्द मराठीत आज ज्या अर्थाने रूढ आहे, तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. संस्कृतात अभिप्राय म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातील हेतू, त्याला जे सांगावयाचे आहे ते. 'अभिप्रेत' हे विशेषण मराठीतही या अर्थाशी इमान राखून आहे. नाम मात्र बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे सरकले. ग्रंथावर अभिप्राय मागवला जातो तो ग्रंथकाराचा नव्हे, वाचकाचा. एकाच मुळातून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एक निर्मात्याच्या घरी राहिला आणि दुसरा आस्वादकाच्या घरी नांदावयास गेला, असे म्हणता येईल.

या दोन घरांमधील अंतर हा समीक्षेचा जुनाच प्रश्न आहे. लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली प्रतिपादन केले. निर्मात्याला खोलीबाहेर बसवून कलाकृतीविषयी बोलण्याच्या सवयीला त्यामुळे तात्त्विक अधिष्ठान मिळाले. ही सवय बऱ्याच अंशी हिताचीच ठरली. परंतु ती ज्या कृतींच्या संदर्भात घडली, त्या पूर्ण झालेल्या, छापल्या गेलेल्या आणि आपापल्या निर्मात्यापासून सुट्या झालेल्या कृती होत्या. निर्माता एकोणीस-वीस वर्षांचा असेल, त्याची ही पहिलीच कृती असेल, तो शेजारच्याच खुर्चीवर बसून आस्वादकाच्या बोटांकडे श्वास रोखून पाहत असेल, आणि दुसरी कृती होणार की नाही हे काही अंशी तरी या आस्वादकाच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर समीक्षकाने काय करावे?

पुण्यातील, मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकांसमोर हा प्रश्न उभा राहिला तो हस्तलिखिताच्या रूपाने नव्हे. त्यांची नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने आणि तिच्या तीन सहाध्यायांनी मिळून संगणकावरचा एक खेळ तयार केला होता. तळघरातील कोठडीतून सुटका करून घ्यावयाची, एवढाच त्याचा विषय. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती म्हणाली, "आजोबा, दहा मिनिटं खेळा आणि खरं काय वाटलं ते सांगा." चाळीस वर्षे साहित्यकृतींविषयी बोलण्यात घालवलेल्या त्या गृहस्थांना या वाक्यातील 'खरं' या शब्दाचे ओझे तेव्हा जाणवले नाही.

हा खेळ ज्या प्रकारच्या उपक्रमासाठी केला गेला, त्याला 'गेम जॅम' म्हणतात. गायक-वादकांनी एकत्र जमून आयत्या वेळी वाजवावे, तसे खेळ रचणाऱ्यांनी ठरलेल्या मुदतीत एक खेळ रचावा, ही त्यामागील कल्पना. विषय आरंभीच जाहीर होतो. मुदत संपली की सारे जण एकमेकांचे खेळ खेळतात. २००२ साली सुरू झालेल्या 'लुडुम डेअर' या उपक्रमाचे नाव लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'खेळ देणे' असा होतो. तेथे एकट्याने भाग घेणाऱ्यास ४८ तास आणि गटाला ७२ तास, अशी विभागणी पुढे रूढ झाली. २००९ साली सुरू झालेल्या 'ग्लोबल गेम जॅम'मध्ये तर जगभर अनेक ठिकाणी एकाच वेळी माणसे जमतात आणि स्पर्धा नसते. या चौघांनी अशाच एका ७२ तासांच्या जॅममध्ये प्रथमच भाग घेतला होता. चौघांपैकी कोणीही पूर्वी एकही खेळ पूर्ण केलेला नव्हता.

पहिल्याच खेपेला तळघर निवडणे यात नवल काही नाही. तळघराला भिंती असतात. त्यामुळे रचावयाचे जग आपोआप मर्यादित होते. तेथे अंधार असतो. त्यामुळे जे चितारता आले नाही ते झाकता येते. आणि कैद्याला बाहेर का पडावयाचे आहे, हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. शिवाय परंपरेचा आधार आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर बसून खेळावयाचा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९८० च्या 'रोग'मध्ये कळफलकावरील नुसत्या चिन्हांनी तळघराच्या खोल्या रेखल्या होत्या. ऑगस्ट २०११ च्या लुडुम डेअरचा विषयच 'सुटका' हा होता. 'माइनक्राफ्ट'मुळे तोवर ख्यातकीर्त झालेल्या मार्कस पर्सनने त्या वेळी ४८ तासांत एकट्याने 'प्रेल्यूड ऑफ द चेंबर्ड' हा छोटा तळघर-खेळ रचला. अर्थात पर्सनचा खेळ खेळून पाहण्यास लोक उत्सुक होते. अनामिक चौघांच्या पहिल्या खेळाला खेळणारा मिळणे हीच पहिली अडचण असते.

'डन्जन' या शब्दाचाही एक प्रवास आहे. जुन्या फ्रेंच भाषेत 'दोंजों' म्हणजे किल्ल्याचा मुख्य बुरूज, धन्याचे निवासस्थान. इंग्रजीत त्याच शब्दाने जिना उतरून भुयारातील कोठडी गाठली. शब्द घडवणाऱ्यांना जे अभिप्रेत होते ते वर राहिले आणि वापरणाऱ्यांचा अर्थ खाली जाऊन बसला. हाच प्रवास कोणत्याही कृतीचा होऊ शकतो. तो कोठे झाला, हे मात्र कृती ज्याने वापरली तोच सांगू शकतो.

२

प्राध्यापक खेळावयास बसले. पडद्यावर एक अंधारी खोली, कोपऱ्यात गवताची शेज, वर जाळीची खिडकी. बाणांच्या कळा दाबल्या की कैदी चालतो, एवढे त्यांना कळले. दारापाशी जाऊन ते उभे राहिले, दार उघडेना. दार उघडण्यासाठी वेगळी कळ होती. ती कोणती, हे खेळाने सांगितले नव्हते. कारण ज्यांनी खेळ केला त्यांची बोटे ७२ तास त्याच कळेवर होती आणि ती सांगावी लागते, हेच ते विसरले होते. नातीने न राहवून सांगितले. पुढे किल्ली सापडेना. जमिनीच्या करड्या रंगावर ती करडीच होती. एका मुलाने बोट दाखवले. तिसऱ्या वेळी त्यांच्यापैकीच एका मुलीने सर्वांना गप्प केले : "खेळाबरोबर आपण कोणाच्या घरी जाणार नाही आहोत. त्यांना अडकू द्या."

या वाक्यात वाचनाचा एक सिद्धांतच होता, हे प्राध्यापकांच्या नंतर लक्षात आले. लेखक वाचकाच्या घरी जात नाही, म्हणून तर संहिता लागते. संहितेतील मोकळ्या जागा वाचक भरून काढतो, असे वोल्फगांग ईझर यांचे म्हणणे ते वर्षानुवर्षे शिकवत आले होते. परंतु कादंबरीचा वाचक मोकळी जागा न भरताही पान उलटू शकतो आणि त्याचे अडकणे त्याचे त्यालाच ठाऊक राहते. खेळात तसे होत नाही. एस्पन ऑर्सेथ यांनी १९९७ च्या 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात अशा संहितांना 'अर्गोडिक' म्हटले. श्रम आणि मार्ग या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी ही संज्ञा घेतली. छापील पुस्तकात सारी संहिता हाती असूनही तिचा एखादा भाग उमगत नाही. याउलट येथे एखादा भागच हाती न लागल्याने संपूर्ण कृती उमगत नाही, हा भेद त्यांनी नेमका दाखवला. किल्ली न सापडलेल्या माणसाला तळघराच्या उत्तरार्धाविषयी मत असू शकत नाही. त्याच्यापुरता उत्तरार्ध नाहीच.

चौदा मिनिटांत ते तिसऱ्या खोलीपर्यंत गेले आणि पहारेकऱ्याने पाचव्यांदा पकडल्यावर थांबले. मग आपल्या अभ्यासिकेत जाऊन त्यांनी सवयीप्रमाणे एक पानभर मजकूर लिहून आणला. वातावरणनिर्मिती परिणामकारक असल्याचे त्यात म्हटले होते; अंधाराच्या प्रतीकात्म उपयोजनाकडे निर्देश होता; बंदिवासाच्या अनुभवाला अस्तित्वविषयक परिमाण लाभण्याची शक्यता होती, तथापि आशय आणि घाट यांचे अद्वैत साधले गेले नाही, असा निष्कर्ष होता. नातीने ते पान आदराने वाचले, मैत्रिणीला दिले, तिने पुढच्याला दिले. अखेर नातीने विचारले, "मग आम्ही आता काय बदलू?"

त्या पानात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. एखाद्या नियतकालिकाच्या वाचकासाठी तो मजकूर वाईट नव्हता. त्या वाचकाला कृतीविषयी एक दृष्टी मिळाली असती. परंतु येथे वाचणारे निर्मातेच होते. 'परिणामकारक' हा शब्द त्यांना सुखावून गेला, 'अद्वैत साधले गेले नाही' हे शब्द दुखावून गेले, आणि दोन्ही शब्दांनी त्यांना कोठेच नेले नाही.

३

त्या रात्री प्राध्यापकांना एक जुनी वही आठवली. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत त्यांच्या वर्गातील एका मुलाने आपली पहिली कथा वाचावयास दिली होती. गावातील एका बंद पडलेल्या सूतगिरणीची ती कथा होती. त्यांनी ती लक्षपूर्वक वाचली, आणि शेवटच्या पानावर, समासात, लाल शाईने एक शब्द लिहिला : 'कृत्रिम'. तो मुलगा वही घेऊन गेला. त्याने दुसरी कथा कधी दाखवली नाही. त्याने लिहिणे सोडले की फक्त दाखवणे सोडले, आणि सोडले असल्यास त्याला तो शब्दच कारण झाला की नोकरी, संसार वा निव्वळ कंटाळा, हे कळण्यास मार्ग नव्हता. परंतु चाळीस वर्षे उलटूनही त्या कथेतील गिरणीचा भोंगा त्यांच्या स्मरणात होता. याचा अर्थ कथेत काहीतरी अकृत्रिम होते. ते मात्र त्यांनी लिहिले नव्हते.

त्या शब्दात नेमके काय चुकले होते? तो कठोर होता, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. मृदू शब्द लिहिला असता, 'प्रयत्न चांगला' असे लिहिले असते, तरी त्या मुलाला त्याचा तितकाच निरुपयोग झाला असता. प्राध्यापकांच्या मते दोष वेगळाच होता : त्या निर्णयाला पत्ता नव्हता. कथेतील कोणत्या जागी, कोणत्या वाक्याशी, वाचणाऱ्याचा विश्वास उडाला, हे त्यात नव्हते. ठिकाण न सांगितलेला निर्णय कृतीवर पडत नाही; तो निर्मात्यावर पडतो. 'हे वाक्य कृत्रिम आहे' असे म्हटल्यास वाक्य बदलता येते. नुसते 'कृत्रिम' म्हटल्यास वीस वर्षांचा मुलगा ते विशेषण स्वतःलाच लावून घेतो.

जॅममध्येही अशी विशेषणे असतात, फक्त ती अंकांच्या रूपात येतात. लुडुम डेअरच्या पद्धतीत सहभागी मंडळी परस्परांच्या खेळांना तारे देत आली. एकूण परिणाम, मौज, नावीन्य, विषयाशी इमान, चित्र, ध्वनी, विनोद आणि वातावरण अशी त्यांची सदरे. किमान वीस जणांनी मूल्यमापन केल्याखेरीज खेळाला गुण लागत नाहीत, आणि दुसऱ्यांचे खेळ खेळून त्यांना अभिप्राय दिल्याखेरीज आपल्या खेळाकडे फारसे कोणी वळत नाही. परस्परावलंबनाची ही रीत सुज्ञ आहे. येथे प्रत्येक समीक्षक स्वतःही नुकताच परीक्षेला बसलेला असतो. परंतु साडेतीन तारे हे शेवटी 'कृत्रिम' या शब्दाचेच सभ्य भावंड. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गुण क्रम लावतात. मार्ग दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी नातीकडून लॅपटॉप पुन्हा मागून घेतला. या खेपेला वहीत उभी रेघ मारून त्यांनी तीन रकाने केले : मी कोठे होतो, मला काय वाटले, मी काय केले. चौथा रकाना, 'हे कसे आहे', त्यांनी आखलाच नाही. दीड तास ते खेळत होते.

त्या टिपणातील काही नोंदी अशा होत्या. दुसऱ्या खोलीत खटका ओढला. काही घडले असे वाटले नाही. आणखी चार वेळा ओढला. (खटक्याने जे दार उघडत होते ते पहिल्या खोलीत होते, म्हणजे पडद्याबाहेर, आणि दार उघडल्याचा आवाज नव्हता. सम संख्येने ओढल्यास ते पुन्हा बंद होत होते. पाचव्या वेळी ते उघडे राहिले हा योगायोग.) तिसऱ्या खोलीत पहारेकऱ्याच्या कंदिलाच्या उजेडाबाहेर उभा होतो, तरीही पकडला गेलो, आता उजेडावर विश्वास ठेवावा की नाही कळेना. त्याच खोलीत पहारेकरी बंद दारातून आरपार गेला. मला हसू आले, आणि त्यानंतर भीती वाटली नाही. प्रत्येक वेळी पकडल्यावर आरंभीचा मजकूर पुन्हा वाचावा लागला. सातव्या वेळी वाचला नाही, चहा घेतला.

या नोंदी चाळताना त्यांना अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत सांगितलेल्या सात रसविघ्नांचे स्मरण झाले. बंद दारातून जाणारा पहारेकरी म्हणजे संभावनाविरह. जे दिसते त्यावरची श्रद्धाच तेथे मोडते. करड्यावर करडी किल्ली आणि न सांगितलेली कळ म्हणजे प्रतीतीच्या उपायांचेच वैकल्य. आवाज न करता पडद्याआड उघडणारे दार म्हणजे स्फुटत्वाचा अभाव. कंदिलाचा चितारलेला उजेड एक आणि पहारेकऱ्याची खरी नजर दुसरी, यातून उद्भवणारा तो संशययोग. नाट्याच्या प्रेक्षकासंबंधीचे हे विवेचन संगणकाच्या खेळाला जसेच्या तसे लागू होते असा आग्रह धरणे योग्य नव्हे. प्रेक्षक पकडला जात नाही, खेळणारा जातो. तरीही त्या मांडणीतील एक दृष्टी येथे मोलाची ठरते. रस निर्माण कसा करावा हे कोणी कोणाला शिकवू शकत नाही; पण त्याच्या वाटेत काय आडवे आले, हे सहृदयाला सांगता येते. पहिल्या कृतीला मिळणारा उपयुक्त अभिप्राय हा बहुधा विघ्नांचा असा वृत्तान्त असतो.

सात विघ्नांपैकी एक प्रेक्षकाच्या स्वतःच्याच ठायी असते : तो आपल्या सुखदुःखांत गुरफटलेला असतो. प्राध्यापकांनी तेही टिपणाच्या आरंभी नोंदवले. आपले वय बहात्तर आहे. बोटे सावकाश चालतात. असे खेळ आपण पूर्वी खेळलेलो नाही. आणि पहिल्या दिवशी चार मुलांसमोर अडकल्याचा राग आपल्या पानभर मजकुरात उतरला असावा. हे लिहिणे त्यांना सर्वांत जड गेले. परंतु त्यामुळे कोणत्या नोंदीतून किती वजा करावे हे मुलांना ठरवता आले. पहारेकरी वेगाने चालतो ही तक्रार त्यांनी बाजूला ठेवली. किल्लीचा रंग त्याच रात्री बदलला.

४

टिपण वाचताना चौघांपैकी एक मुलगा अस्वस्थ झाला. खेळाचा प्रोग्रॅम बहुतांशी त्याने लिहिला होता आणि ७२ तासांत तो फार थोडा झोपला होता. खटक्याच्या नोंदीपाशी तो थांबून म्हणाला, "पण सर, पहिल्या खोलीत परत जायला हवं, हे कळायला हवं होतं ना." प्राध्यापकांनी हे वाक्य आयुष्यभर ऐकले होते, प्रत्येक कवी कधी ना कधी ते म्हणतो. पूर्वी ते अशा वेळी हेतू आणि संहिता यांविषयी व्याख्यान देत. या खेपेला त्यांनी एवढेच म्हटले, "हवं होतं. मला कळलं नाही, एवढंच मी लिहिलंय." मुलगा वाद घालू शकला नाही, कारण मताशी वाद घालता येतो, झालेल्या गोष्टीशी घालता येत नाही. निर्णय आणि साक्ष यांतील हा फरक होता. मुलाचे समाधान झाले नाही हेही खरे. तो बराच वेळ गप्प होता.

याच मुलाच्या हातून एक गंभीर चूक राहून गेली होती. मशाल आधी उचलून मग किल्ली घेतली तर सारे ठीक. परंतु किल्ली आधी घेतली तर मशाल उचलता येत नसे, आणि मशालीवाचून शेवटचे दार दिसतच नसे. म्हणजे सुटकेच्या खेळात सुटका अशक्य होई, आणि खेळ ते सांगतही नसे. प्राध्यापक त्या अवस्थेत पाऊण तास फिरत राहिले होते. त्यांनी नोंद केली होती : 'येथे मला खरोखरच कैदेत असल्यासारखे वाटले. हे तुम्हांला अभिप्रेत आहे काय?' चौघेही हसले, मग ओशाळले. हा बग होता. जॅमच्या नियमांत मुदतीनंतर नवे काही घालण्यास मज्जाव असला, तरी असे बग दुरुस्त करण्याची मुभा होती. तो दुरुस्त झाला.

परंतु टिपणातील एका नोंदीने सारी चर्चाच वेगळ्या दिशेला नेली. दुसऱ्या खोलीविषयी प्राध्यापकांनी लिहिले होते : 'उत्तरेकडच्या भिंतीतून कोणीतरी ठोठावते आहे. तीन ठोके, थोडे थांबून पुन्हा तीन. शेजारच्या कोठडीत दुसरा कैदी आहे असे वाटले. भिंतीचा प्रत्येक दगड तपासून पाहिला. उत्तर देण्यासाठी कोणती कळ आहे ते शोधले. सापडली नाही. तरीही पुढच्या खोलीत जाताना त्याला सोडून जात असल्यासारखे वाटले.'

चौघे एकमेकांकडे पाहू लागले. भिंतीपलीकडे कोणीच नव्हते. त्यांना अभिप्रेत होते ते ठिबकणारे पाणी. तिसऱ्या रात्री पाण्याचा आवाज ध्वनिमुद्रित करावयाचा राहून गेला होता. घरात सारे झोपलेले, नळाला पाणी नाही. म्हणून नातीने स्टीलच्या पातेल्यावर पेनाचे टोक आपटून तो आवाज केला होता. पेन दर खेपेला तीनदा आपटले गेले, याला हातापलीकडे कोणतेही कारण नव्हते. जॅममधील अन्य तीन-चार जणांनीही त्या भिंतीपाशी वेळ घालवल्याचे मग ध्यानात आले. त्यांनी ते 'एक आवाज गोंधळात पाडतो' अशा शब्दांत कळवले होते आणि चौघांनी तो आवाज काढून टाकण्याचे ठरवले होते.

अभिप्रेत आणि अभिप्राय यांतील अंतराचा प्रश्न येथे त्याच्या खऱ्या स्वरूपात पुढे आला. खटक्याच्या बाबतीतही अंतर होते आणि ठोक्यांच्या बाबतीतही. पहिले दोष म्हणून दुरुस्त करावयाचे, मग दुसरे का नाही? 'निर्मात्याला अभिप्रेत नव्हते' हा निकष मानला तर दोन्ही सारखेच दोष ठरतात. 'आस्वादकाला जे वाटले तेच खरे' हा निकष मानला तर दोन्ही गुण ठरतात. साक्षीचा उपयोग येथे होतो. खटक्यापाशी खेळणारा कृतीच्या बाहेर पडला होता. तो कळफलकाचा विचार करीत होता. ठोक्यांपाशी तो कृतीत अधिक खोल गेला होता. तो भिंतीपलीकडच्या माणसाचा विचार करीत होता. अंतर दोन्हीकडे सारखेच. परंतु एका अंतरात माणूस पडला आणि दुसऱ्या अंतरात त्याला एक खोली सापडली. हा भेद कोणत्याही सदरातील ताऱ्यांनी दाखवला नसता. 'गोंधळात पाडतो' या शब्दांनीही तो दाखवला नव्हता.

येथवर येऊनही एक आक्षेप उरतोच. समीक्षकाने आपल्या अनुभवाचा वृत्तान्त द्यावा आणि थांबावे, असे म्हटल्यास मूल्यमापनाचे काय? साक्षीदार होणे पत्करून समीक्षक न्यायाधीशाचे काम टाळत तर नाही? प्राध्यापकांना हा आक्षेप ठाऊक होता आणि त्यांनी तो टाळलाही नाही. बग दुरुस्त झाल्यावर त्यांनी खेळ शेवटपर्यंत नेला. अखेरच्या दारातून कैदी बाहेर पडला की पडदा पिवळा होई, तुतारी वाजे, 'तुम्ही सुटलात!' अशी अक्षरे येत आणि लागलेला वेळ दिसे. हा शेवट वाईट होता. तो त्यांचा नव्हता; दहा ठिकाणी पाहिलेला होता. हेच त्या जुन्या वहीत 'कृत्रिम' या शब्दाने सांगितले गेले असते.

त्यांनी लिहिले : 'पहिल्या तीन खोल्यांत मी एकटा नाही असे मला वाटत होते. शेवटच्या पिवळ्या पडद्यावर फक्त माझ्या सुटकेचा आनंद आहे. भिंतीमागच्या माणसाचे काय झाले, हे खेळ विसरला. मी विसरलो नव्हतो. त्यामुळे हा शेवट मला माझा वाटला नाही, आणि माझ्या मते तो तुमचाही नाही.'

हा निर्णयच होता आणि तो सौम्य नव्हता. परंतु त्याला पत्ता होता. कोणत्या जागी काय मोडले आणि ते मोडण्यापूर्वी काय उभे होते, हे दोन्ही त्यात होते. मूल्यमापन साक्षीच्या जागी येत नाही. ते साक्षीच्या मागून येते, आणि मागून आले तरच ते निर्मात्याला पेलता येते.

५

अभिप्रायाचा आणखी एक प्रकार आहे आणि तळघर-खेळांच्या इतिहासात तो आरंभीच आढळतो. विल क्राउदर या प्रोग्रॅमरला गुहांत उतरण्याचा छंद होता. केंटकीतील मॅमथ गुहेच्या आधाराने त्याने १९७०च्या दशकाच्या मध्यास शब्दांनीच खेळावयाचा 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ लिहिला तो आपल्या मुलींसाठी. पुढे स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स याच्या हाती तो लागला. त्याने क्राउदरची परवानगी घेऊन १९७७ साली खेळाचा विस्तार केला, आणि जगाला ठाऊक झालेला 'अ‍ॅडव्हेंचर' तो हाच. वुड्सने मत कळवले नाही, तारे दिले नाहीत. तो गुहेत उतरला आणि पुढचे दालन खणू लागला. कृतीला मिळू शकणारा सर्वांत मोठा प्रतिसाद कदाचित हाच असेल. परंतु असा वाचक भेटणे दैवाधीन असते. बाकीच्या बहुसंख्य पहिल्या कृतींना एखादा साधा माणूस पुरतो. तो अडकतो आणि कोठे अडकलो ते सांगतो.

चौघांनी ठोक्यांचा आवाज काढून टाकला नाही. जॅमची प्रत जशी होती तशीच राहिली. मागाहून केलेल्या प्रतीत पिवळा पडदा गेला. आता अखेरच्या दारातून बाहेर पडल्यावर अंधारच राहतो, आणि पाठीमागून, दूरवर, तीन ठोके ऐकू येतात. भिंतीपलीकडे कैदी ठेवावा काय, यावर त्यांच्यात एकमत झाले नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला तो हवा होता. खेळणाऱ्याने इतका शोध घ्यावा आणि काहीच मिळू नये, हे त्याला अन्यायाचे वाटत होते. नातीला तो नको होता. त्यांनी प्राध्यापकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तिथं कोण आहे ते मला माहीत नाही. मी फक्त ऐकलं."

पुढच्या जॅमला चौघांतील एक जण आला नाही. त्याने दुसऱ्या शहरात नोकरी धरली होती. उरलेल्या तिघांनी नवा खेळ केला तेव्हा तो तळघराचा नव्हता. तो घेऊन नात आली तेव्हा तिने काही विचारले नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला, शेजारी एक कोरी वही ठेवली, आणि ती आत निघून गेली. प्राध्यापकांनी वहीवर उभी रेघ मारली आणि तीन रकाने आखले.